सातव्या प्रश्नाखालची मोकळी जागा

म्हैसूर, ता. ८ जुलै १९१२

ती. मल्हारअण्णास,

‘तीर्थरूप’ लिहावे की नाही यावर काल दोन कागद फाडले. शेवटी लिहिले, कारण तू माझ्याहून सहा वर्षांनी मोठा आहेस आणि ते तुझ्या शुद्धवचन सभेलाही बदलता येणार नाही. पुढच्या मजकुरात मात्र आदर शोधत बसू नकोस.

तू पाठवलेला छापाचा कच्चा कागद पोचला. अप्पांची प्रश्नोत्तरांची वही तुमची सभा बंगळुरात छापणार, पाचशे प्रती काढणार आणि दसऱ्याच्या गर्दीत म्हैसुरात फुकट वाटणार. इतके वाचून क्षणभर मला आनंद झाला, हे कबूल करते. चर्चमध्ये सगळे कन्नडात चालते, म्हणून मुलांना घरात मराठीतून शिकवायला एका दफेदाराने घोड्याचा खरारा आटोपून, मोडीत, बोटे आखडेपर्यंत लिहिलेली ती बावीस प्रश्नांची वही. ती छापली जाईल असे त्यांच्या स्वप्नातही आले नसते.

मग तुझी प्रस्तावना वाचली. तू लिहितोस, ‘येशू कोण, हा सातवा प्रश्न. त्याखाली कै. वेंकोजीराव दफेदारांनी जागा मोकळी सोडली आहे. येशू हाच देव, असे लिहिणे या प्रामाणिक माणसाच्या हाताला जमले नाही. देवाने जे जे निर्माण केले त्यात येशू पहिला व उत्तम, इतकेच खरे. आणि दफेदारांच्या मनाला ते उमगले होते.’

अण्णा, हे तू लिहिलेस? ती जागा मोकळी का आहे, हे जगात कोणाला ठाऊक असेल तर ते आपल्या घराला. अप्पा छावणीतले माणूस. पहाऱ्याचा शब्द लिहायचा नसतो, तोंडातून कानात द्यायचा असतो. लिहिलेला शब्द शत्रूच्या हाती लागतो, असे ते म्हणत. म्हणून एकवीस उत्तरे लिहिली आणि सगळ्यांत मोलाचे तेवढे लिहिले नाही. मूल दहा वर्षांचे झाले की नाताळाच्या आठवडाभर आधी ते त्याच्या कानात सांगायचे, एकदाच. नाताळाच्या आदल्या संध्याकाळी भाल्याची जुनी काठी आडवी धरून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे आणि बावीस प्रश्न विचारायचे. सातव्याला शब्द आला की काठी खाली. मग मूल आत, मोठ्यांच्या पंगतीला. असा तू आत गेलास, सहा वर्षांनी मी गेले.

मलाही ते उत्तर अप्पांनीच कानात सांगितले आहे. ती जागा रिकामी नाही.

प्रस्तावना काढ, नाहीतर अप्पांचे नाव काढ. मेलेल्या माणसाला साक्षीला उभे करायचे आणि ज्यासाठी त्याने आपले सगळे गणगोत सोडले त्याच्याच उलट त्याच्या तोंडी घालायचे, हे कोणत्या शुद्ध वचनात बसते?

आईला यातले काही सांगितलेले नाही. ती विचारते, “मल्लूचं काय पत्र?” मी म्हणते, “कोलारला पाऊस नाही.” तू तसे लिहिले आहेस, म्हणून ते खोटे नाही. पण खरेही नाही, आणि त्याने मला जेवण जात नाही.

वनजा

म्हैसूर, ता. २९ जुलै १९१२

अण्णा,

मी एक मागणी केली आणि तू तीन पाने शिकवण पाठवलीस. ‘एक आणि एक आणि एक मिळून तीन होतात, हे मिशनच्या शाळेत शिवण शिकवणाऱ्या बाईलाही यावे.’ येते. पण अण्णा, बाप, पुत्र, पवित्र आत्मा असे मी देवाला मोजायला बसलेलीच नाही. मला एवढेच कळायला हवे की माझ्यासाठी कोण मेले.

तुझी पाने घेऊन मी जात्यापाशी बसले होते आणि दळता दळता तुझ्याशी मोठ्याने भांडत होते. शेजारच्या सुमित्राबाई मावशी कुंपणावरून डोकावल्या. “कुणाशी गं बोलतेस?”

“अण्णाशी. तो म्हणतो, येशू देव नव्हे.”

“मग तीन जड झाले का तुम्हाला? आमच्याकडे तेहतीस कोटी नांदतात, एकाची तक्रार नाही.”

“मावशी, आमच्याकडे एकच आहे. तोच राखायचं भांडण चाललंय.”

“अय्यो! एकच असून एवढा गोंधळ?”

मला हसू आले, आणि मग असल्या गोष्टीवर हसल्याबद्दल दिवसभर वाईट वाटत राहिले. तू ओळखतोस मला.

आता माझे ऐक. अमलदार कितीही मोठा असला तरी फाशीचा हुकूम त्याला फिरवता येत नाही, त्याला राजाच लागतो. तुमचा येशू निर्माण केलेला असेल तर त्याने मला क्षमा केली ती कोणाच्या अधिकाराने? आणि देव स्वतः मागे राहिला व हाताखालच्या कोणाला त्याने मरायला पुढे केले असेल, तर त्यात प्रेम कुठले? शिपायाला पुढे लोटून आपण तंबूत बसणाऱ्याला अप्पा सरदार म्हणत नसत, काय म्हणत ते पत्रात लिहिता येत नाही. तुम्ही म्हणता, आम्ही येशूला उत्तम म्हणतो, मान देतो. तसला मान घेऊन मी काय करू? सगळ्यांत उत्तम माणूस किंवा सगळ्यांत उत्तम देवदूत माझ्यासाठी मेला असेल, तर मी त्याची आयुष्यभर ऋणी राहीन आणि देवाला मात्र घाबरत राहीन. मी आधीच पुष्कळ घाबरते.

शेवटी तू लिहितोस, ‘उत्तर तुला ठाऊक आहे ना? मग लिही. मोकळ्या जागेत छापतो.’

तुला वाटते मी लिहिणार नाही. अप्पांना शब्द दिला आहे आणि मी शब्दाला किती बांधलेली असते हे तुला माहीत आहे. चार दिवस हाच कागद पुढे घेऊन बसले. मग वाटले, पहाऱ्याचा शब्द लपवायचा तो शत्रूपासून. घरच्याच माणसाने दार उघडून दिल्यावर काय लपवायचे? तेव्हा आज शब्द मोडते. त्याचा दोष माझ्यावर आणि थोडा तुझ्यावर.

येशू कोण? *ज्याने मला घडवले, तोच माझ्यासाठी मेला. परक्याला पाठवून भागवले नाही.*

हे मी आमच्या वादिराज पाळकांनाही विचारून घेतले आहे. बापाने पुत्राला पाठवले असे शास्त्र सांगते, मग ‘पाठवले नाही’ म्हणण्यात काही पाप तर नाही? ते म्हणाले, “पुत्र परका नव्हे, बाळ. जा, झोपा शांत.”

छाप आता.

वनजा

म्हैसूर, ता. २६ ऑगस्ट १९१२

अण्णा,

तुझ्या चार ओळी आल्या. पाठ झाल्या आहेत. ‘वनू, ते उत्तर तुला अप्पांनी दिलेले नाही. विहिरीपाशी मी दिले. आणि अप्पांनी मला सांगितलेले शब्द ते नव्हतेच. तू रडत होतीस म्हणून मी जुळवून दिले. अप्पांचे खरे शब्द मी लिहिणार नाही, मीही शब्द दिला आहे.’

खरे आहे. पहिल्या पत्रात मी खोटे लिहिले. जी गोष्ट दहा वर्षे कोणाला सांगितली नाही ती आता तुलाच सांगते, आणि ती अर्धी तुला माहीत आहे.

त्या दिवशी अप्पांनी मला कणग्याच्या आड नेले, वाकले आणि कानात सांगू लागले. त्यांची मिशी कानाला लागली. मला गुदगुल्या झाल्या, मी खुदकन हसले, आणि शब्द निघून गेला. त्यांचा चेहरा इतका गंभीर होता की पुन्हा सांगा म्हणायचा मला धीर झाला नाही. आठवडाभर मी नीट जेवले नाही. नाताळाच्या आदल्या दुपारी तू मला विहिरीपाशी रडताना पाहिलेस, “काय झालं?” विचारलेस आणि ती दोन वाक्ये मला दिलीस. तीनदा म्हणवून घेतलीस.

संध्याकाळी मी काठीसमोर उभी राहून तीच म्हटली. आणि अप्पा थांबले. काठी खाली आली नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग माझ्या डोक्यावरून मागे, तू भिंतीला टेकून उभा होतास तिकडे पाहिले. मग काठी खाली केली.

तो थांबलेला क्षण मी दहा वर्षे वागवते आहे. मला वाटत आले की त्यांनी मला पकडले. शब्द चोरून आणला हे ओळखले, आणि दया येऊन आत सोडले. चर्चमध्ये प्रभुभोजनाला बसताना दर वेळी मनात येते, आपण मागल्या दाराने आलो. आता तू म्हणतोस की चोरलेला शब्दसुद्धा खरा नव्हता.

म्हणजे अप्पांनी काय सांगितले होते ते मला माहीत नाही. कदाचित तुझेच बरोबर निघेल, या भीतीने दोन रविवार चर्चमध्ये माझ्या तोंडून गीत निघाले नाही.

काल आईला प्रस्तावना वाचून दाखवली. ती नाचणी पाखडत होती. सूप थांबले नाही. “मल्लू असं लिहील होय? छापणाऱ्याची चूक असेल.”

“आई, त्याच्या पत्रांतही तेच आहे.”

“मग घाईत लिहिलं असेल.”

“अप्पांनी तुला सातव्याचं काय सांगितलं होतं?”

सूप थांबले. “ते सांगायचं नाही. गप, सुम्ने बस.”

सूप पुन्हा सुरू झाले. तिला एकच मुलगा आहे, आणि तिच्या तोंडच्या शब्दाने तो खोटा ठरला तर तो परत घरी येणार नाही असे तिला वाटते. तुला हे कळत असेलच. म्हणूनच तू इतका निर्धास्त आहेस.

पाळकांकडे गेले. ते म्हणाले, “वनजा, मौन राखा. वाद घातला की त्यांचंच पुस्तक खपतं.”

मी म्हटले, “फुकट वाटतात, पाळकसाहेब. त्यात खपायचं काय?”

तर अण्णा, हिशेब असा, की मी खोटे बोलले, माझ्याकडे अप्पांचा शब्द नाही, आई बोलत नाही आणि पाळक बोलू देत नाहीत. यानंतर मी गप्प बसेन असे तुला वाटत असेल. नाही बसणार. ती दोन वाक्ये कोणाच्याही तोंडून आली असोत, मी त्यांच्यावर दहा वर्षे जगले आहे आणि ती खरी आहेत. अप्पांनी उद्या थडग्यातून उठून नाही म्हटले तरी मी म्हणेन, अप्पा, तुमची चूक होते आहे.

हे वाक्य लिहून मी घाबरले. पण खोडत नाही.

वनजा

म्हैसूर, ता. २१ ऑक्टोबर १९१२

अण्णा,

तुमच्या सभेच्या बिंदुमाधव मास्तरांनी तुला एव्हाना लिहिले असेल. त्यांनी काय सांगितले असेल कोण जाणे, म्हणून जे झाले ते जसेच्या तसे लिहिते.

नवरात्राच्या सातव्या दिवशी मी आणि आई संतेपेठेत भाजीला गेलो होतो. खेड्यांतून आलेली ही गर्दी. बांगड्यांच्या दुकानापुढे मास्तर स्टुलावर उभे, हातात अप्पांचे पुस्तक. चांगले छापले आहे, कागदही बरा आहे. मास्तर कन्नडात सांगत होते, “हे बघा! ख्रिस्ती झालेला मराठा दफेदार, भाऊबंदांनी वाळीत टाकला तरी डगमगला नाही. पण येशू देव आहे का, इथं येऊन त्याची लेखणी थांबली! जागा कोरी! आणि पाळकलोक तुम्हाला सांगतात, निमूट विश्वास ठेवा!”

मी पुढे व्हायचे ठरवले होते. मनात चार वाक्ये जुळवली होती. पण माझे पाय हलले नाहीत. अण्णा, पत्रांत मी शूर आहे.

आईने वांग्यांची पिशवी माझ्या हातात दिली आणि पदर डोक्यावर घेतला.

“ए मास्तर, खाली उतर.”

“काय झालं, बाई?”

“त्या दफेदाराची बायको आहे मी. भवानीबाई. जागा कोरी का आहे ते मला विचार.”

लोक वळले. मास्तर स्टुलावरून उतरले, पण हसत. “अम्मा, तुम्हाला वाचता येतं का?”

“नाही. म्हणून तर मला तोंडानं सांगितलं.”

कोणीतरी हसले. मास्तरांचे हसू गेले. “बरं, काय सांगितलं?”

आईने पदर पुन्हा सारखा केला. मला वाटले, आता मागे फिरेल. तिच्या डोळ्यांपुढे तू होतास, मी शपथेवर सांगते. मग ती आधी मराठीत बोलली, जशी अप्पांना उत्तर देत असावी: “त्याच्या वर अमलदार नाही.” आणि मग लोकांसाठी कन्नडात, मोठ्याने: “येशू कोण विचारलं, तर त्याच्या वर अमलदार नाही. हुकूम तिथंच संपतो. हे माझ्या माणसानं मला बाप्तिस्म्याच्या सकाळी सांगितलं. ह्याच्यापायी त्याचे सख्खे भाऊ त्याच्या मढ्याला खांदा द्यायला आले नाहीत. आणि तू म्हणतोस, त्याची लेखणी थांबली?”

एक फुलवाला म्हणाला, “वर अमलदार नाही? मग तो स्वतः राजाच की!”

“एवढंच तर म्हणतेय,” आई म्हणाली, आणि माझ्या हातातून पिशवी घेऊन चालू लागली.

अग्रहाराच्या वळणावर आल्यावर ती म्हणाली, “मल्लूलाही हेच सांगितलं होतं त्यांनी. मी चुलीपाशीच होते. त्यांना वाटायचं हळू बोलतात. छावणीतला माणूस, कसला हळू बोलतोय!” आणि मग तिथेच एका ओट्यावर बसून रडली. तुला दोष देऊन नव्हे. मी आता त्याला गमावले, एवढेच म्हणत होती.

अण्णा, तुला शब्द अगदी स्वच्छ मिळाला होता. त्याच्या वर अमलदार नाही. तो तुला पटला होता की नाही हे मी विचारत नाही, कारण मला ते कळले आहे. दहा वर्षांच्या, घाबरलेल्या मुलीला अमलदार काय कळणार? तिला छावणी माहीत नव्हती. म्हणून तू अप्पांची गोष्ट घेतलीस आणि तिला कळेल अशी पुन्हा सांगितलीस. ज्याने तुला घडवले, तोच तुझ्यासाठी मेला. परक्याला पाठवून भागवले नाही. हे तुला कोणी पढवले नव्हते. विहिरीच्या काठावर, सोळा वर्षांचा असताना, हे तुझ्या स्वतःच्या पोटातून आले.

आणि अप्पा का थांबले तेही आता कळले. त्यांनी मला पकडले नव्हते. शब्द त्यांचे नव्हते, पण उत्तर तेच होते, आणि ते कोणाचे हे ओळखून त्यांनी तुझ्याकडे पाहिले. त्यांची मिशी हलली होती. मी तो राग समजत आले. दहा वर्षे मी मागल्या दाराची समजत होते स्वतःला.

वनजा

म्हैसूर, ता. ४ नोव्हेंबर १९१२

अण्णा,

होय, ते खरे आहे. मास्तरांनी तुला जे कळवले त्यात एकही शब्द जास्तीचा नाही.

मी रोज शाळा सुटल्यावर संतेपेठेत जाते. मागेल त्याला पुस्तक द्यायचे, हा तुमच्याच सभेचा नियम; तेव्हा मी मागते आणि मास्तरांना द्यावे लागते. बांगडीवाल्याच्या फळीवर दौत ठेवते. सातव्या प्रश्नाखाली जागा बरीच सोडली आहे तुम्ही, माझे अक्षर मोठे असूनही बसते. मराठीत ती दोन वाक्ये लिहिते, त्याखाली कन्नडात, आणि त्याखाली: ‘मल्हारराव वेंकोजीराव, नाताळ १९०२, वय वर्षे सोळा.’ शाई वाळली की जो समोर येईल त्याला देते. वाचता येत नाही म्हणतात त्या बायकांना वाचून दाखवते. माझा आवाज अजून फुटत नाही नीट, त्या जवळ वाकून ऐकतात.

पाळकांनी मला रविवारच्या वर्गातून नाताळापर्यंत बाजूला बसवले आहे. बाजारात फळीवर लिहीत बसणे बाईला शोभत नाही म्हणाले. मी म्हटले, बरे. बाजूला बसते, पण फळीवरून उठत नाही.

तू लिहिले आहेस, ‘हे आता माझे मत नाही. माझे नाव तुला वापरता येणार नाही.’

याचा मी विचार केला नसेन असे तुला वाटते का? ज्याला मान्य नाही त्याचे नाव त्याच्या शब्दांखाली घालावे का, यावर मी दोन दिवस घालवले. पाळकांना विचारले नाही, ते काय म्हणतील ते ठाऊक होते. मग मनाला सांगितले, अप्पांना विचारून तू त्यांचे नाव छापले नव्हतेस, आणि त्यांनी जे म्हटले नव्हते ते त्यांच्या नावावर घातलेस. मी तुझ्या नावावर तेच घालते जे तू म्हटलेस. मत बदलले असेल. शब्द तुझेच आहेत. त्यांनी एका मुलीला दाराच्या आत घेतले आहे.

ते खोडायचे असतील तर पत्राने खोडता येणार नाहीत. तुला म्हैसूरला यावे लागेल. आईसमोर उभा राहून, तिच्या तोंडाकडे पाहून म्हण: वनू रडत होती, म्हणून मी तिला खोटे सांगितले. म्हणालास, की त्या दिवसापासून मी तुझे नाव लिहायचे थांबेन. देवाचे लिहायचे थांबणार नाही.

नाहीतर असे कर. मास्तरांकडच्या प्रती संपत आल्या आहेत. बंगळुरात उरल्या असतील तेवढ्या सगळ्या माझ्या नावाने पाठव.

वनजा